उसाच्या एका टनाचा हिशेब : कृष्णाकाठच्या एका इथेनॉल प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने आदेश काढला की, २०२३-२४ या इथेनॉल पुरवठा वर्षात उसाचा रस आणि सिरप, म्हणजे आटवलेला रस, इथेनॉलसाठी वापरू नये. आदेश तत्काळ लागू झाला. त्या वेळी वाळवा तालुक्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या नव्या डिस्टिलरीत सिरपवरचे किण्वन पूर्ण भरात होते. ऊसदराच्या आंदोलनामुळे सांगली-कोल्हापूर भागातले गाळप आधीच अडखळत सुरू झाले होते आणि घडी नुकती कुठे बसत होती. आदेश आला तेव्हा मी त्या डिस्टिलरीच्या तांत्रिक कामात होतो. कारखान्याचे नाव येथे देत नाही, कारण जे तेथे घडले ते थोड्याफार फरकाने कृष्णा-वारणेच्या काठावर अनेक ठिकाणी घडलेले आहे.

त्या हंगामाची हकिगत तपशिलाने मांडण्याचे कारण असे की, या उद्योगात क्षमता आणि उत्पादकता हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्या घोटाळ्यातून कर्जाचे मोठे निर्णय होतात. दिवसाला किती हजार लिटर इथेनॉल काढता येईल, ही क्षमता झाली. गव्हाणीत पडलेल्या एक टन उसात जेवढी साखर आली होती, त्यातली किती शेवटी आपल्या हाती लागली, मग ती पोत्यात भरलेली असो वा टँकरमध्ये, ही उत्पादकता झाली. पहिली गोष्ट विकत घेता येते. दुसरी रोजच्या रोज राखावी लागते.

पार्श्वभूमी

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम जानेवारी २००३ मध्ये सुरू झाला, पण २०१३-१४ मध्येही देशातील मिश्रणाचे प्रमाण १.५३ टक्क्यांवरच होते. खरी गती आली ती २०१८ नंतर. त्या वर्षी राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले, बी हेवी मोलॅसिस (बरीच साखर शिल्लक असलेली मळी) आणि उसाचा रस यांपासूनच्या इथेनॉलला वेगळे, चढे दर मिळाले आणि प्रकल्पाच्या कर्जावर ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजदराच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढे व्याज पाच वर्षे सरकारने भरण्याची योजना निघाली. जून २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण साधले गेले आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे ओढण्यात आले.

या कारखान्याने त्याच लाटेत कर्ज काढले. जुनी डिस्टिलरी सी हेवी मोलॅसिसवर (साखर काढून शेवटी उरणाऱ्या मळीवर) चालत असे आणि तिच्यातून रेक्टिफाइड स्पिरिट निघे. नवी डिस्टिलरी दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉल काढणारी होती आणि सी हेवी, बी हेवी व सिरप या तिन्हींवर चालेल अशी तिची मांडणी होती. तिच्यात यीस्ट वेगळे काढून पुन्हा वापरण्याची सोय होती, वाफ वाचवणारे बहुदाबी ऊर्ध्वपातन होते, स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेले सांडपाणी, आटवून जाळणारा बॉयलर होता आणि शेवटी मॉलिक्युलर सीव्ह होती. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, कारण त्या प्रमाणाला पोहोचल्यावर पाणी आणि अल्कोहोल बरोबरच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी हे उरलेले पाणीही जावे लागते. हे काम मॉलिक्युलर सीव्ह करते. तिच्यातील झिओलाइट या खनिजाच्या मण्यांची छिद्रे ३ अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू त्यांत शिरतो, अल्कोहोलचा मोठा रेणू बाहेरच राहतो आणि पूर्वी बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन घालून करावे लागणारे काम कोरड्या मण्यांच्या दोन उभ्या टाक्यांत आलटून पालटून होते. यंत्रसामग्री खरोखरच चांगली होती. तिच्यात खोट नव्हती, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे.

खोट आजूबाजूच्या नियोजनात होती. ऊस सिरपकडे वळणार म्हणून साखर विभागावरचा भार कमी होणार, हे गृहीत धरून उन्हाळ्यातल्या दुरुस्तीत, सिरप आटवून साखरेचे दाणे पाडणाऱ्या दोन जुन्या पॅनची कामे पुढे ढकलली गेली होती. ज्या कर्जाची परतफेड बारा महिने करायची, त्या प्रकल्पाचा मुख्य कच्चा माल चार-पाच महिनेच मिळणार होता. मोलॅसिस टाकीत साठवून पावसाळ्यातही डिस्टिलरी चालवता येते. रस मात्र टिकत नाही. प्रकल्प अहवालात हे दोन्ही मुद्दे होते, पण एकाच पानावर आले नव्हते.

आदेशानंतरचे आठ दिवस

ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. महाराष्ट्र आणि कर्नाटकात ऊस घटणार, साखर कमी पडणार, या धास्तीने आदेश निघाला. सरकारच्या जागी बसून पाहिले तर त्यामागचा विचार समजण्याजोगा होता. आमच्यापुढचा प्रश्न मात्र पुढच्या पाळीचा होता. सिरपची लाइन डिस्टिलरीकडून पुन्हा पॅनकडे फिरवली आणि पहिल्याच रात्री लक्षात आले की, पॅन पुरे पडत नाहीत.

यानंतर जे घडले त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. पॅन अडले म्हणून सिरपच्या टाक्या भरल्या. टाक्या भरल्या म्हणून गाळप कमी करावे लागले. गाळप कमी झाले, पण तोडणीच्या टोळ्या ठरल्या कार्यक्रमाप्रमाणे फडात तोडतच होत्या, कारण टोळी बसवून ठेवली की मुकादम दुसरीकडे निघून जाण्याची भीती असते. परिणामी यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग वाढत गेली आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत राहिला. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. डेक्स्ट्रानमुळे रस गाळणे अवघड होते, साखरेचे स्फटिक लांबट होतात आणि पॅनला आणखी वेळ लागतो. म्हणजे ज्या अडचणीतून ऊस शिळा झाला, ती अडचण शिळ्या उसाने आणखी वाढवली. चौथ्या-पाचव्या दिवशी मोलॅसिसमधून हा दोष डिस्टिलरीतही उतरला आणि फर्मेंटरमधील आम्लता चढू लागली.

१५ डिसेंबरला केंद्राने देशभरात एकूण १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी हेवी मोलॅसिस वापरण्यास मुभा दिली. आमच्या वाट्याला आलेल्या कोट्यात सिरपवरची लाइन काही दिवसच चालणार होती. पुढे एप्रिल २०२४ मध्ये साठलेल्या बी हेवी मोलॅसिसपैकी ६.७ लाख टनांना परवानगी मिळाली आणि २०२४-२५ वर्षासाठीचे निर्बंध ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस उठले. मधल्या काळात डिस्टिलरीचा मोठा भाग बंद राहिला. बंद यंत्रावर व्याज चालू राहते हे दुःख आहेच. पण त्या रिकाम्या वेळात आम्ही पहिल्यांदा उसाच्या एका टनाचा पूर्ण हिशेब मांडला.

रुपयांचे गणित

हा हिशेब कोणत्याही कारखान्याला करता येतो. एक किलो साखर पोत्यात न भरता तिचे इथेनॉल केले, तर साधारण ०.६ लिटर मिळते. २०२२-२३ पासून रसाच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रुपये दर होता, म्हणजे त्या एक किलोचे ३९ रुपये ३७ पैसे झाले. बी हेवीच्या मार्गाने उतारा (उसाच्या वजनामागे हाती येणारी साखर) साधारण दीड टक्क्याने, म्हणजे टनाला १५ किलोने घटतो. त्याबदल्यात सी हेवीपासून टनाला मिळणाऱ्या सुमारे १० लिटरऐवजी सुमारे १९ लिटर इथेनॉल मिळते. सी हेवीचा त्या वर्षीचा दर ४९.४१ आणि बी हेवीचा ६०.७३ धरला, तर जास्तीचे उत्पन्न टनाला ६६० रुपयांच्या आसपास येते आणि सोडलेल्या साखरेला किलोमागे ४४ रुपये पडतात. यांतून वाफ, रसायने, मजुरी आणि व्याज वजा करायचे आहे.

आता साखरेकडे पाहू. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपये आहे. बाजार ३१-३२ वर रेंगाळत असेल तेव्हा रस डिस्टिलरीकडे वळवणे शहाणपणाचे ठरते. तोच बाजार ३६-३७ वर गेला की रसाच्या इथेनॉलमधला नफा खर्चातच विरतो, बी हेवी मात्र तग धरते. पाच रुपयांच्या फरकाने उसाची दिशा बदलावी लागते आणि हा फरक एकाच हंगामात पडू शकतो. ब्राझीलने १४ नोव्हेंबर १९७५ रोजी प्रोआल्कोल कार्यक्रम सुरू केल्यापासून हा धडा गिरवला. तेथील बहुतेक कारखान्यांत साखर आणि इथेनॉल यांची क्षमता मुद्दाम एकमेकींवर चढवून ठेवलेली असते, म्हणजे दोन्हींची बेरीज गाळपापेक्षा जास्त असते. बाजार फिरला की रसही फिरतो. आम्ही मात्र नव्या डिस्टिलरीच्या भरवशावर जुने पॅन दुर्लक्षित ठेवून हीच लवचिकता घालवली होती. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महागडी चूक हीच होती, आणि ताळेबंदात तिच्यासाठी कोणताही रकाना नाही.

दुसरी गोष्ट दराची. बी हेवीचे ६०.७३ आणि रसाचे ६५.६१ हे दर २०२२-२३ पासून २०२४-२५ पर्यंत जसेच्या तसे राहिले. सी हेवीचा दर तेवढा वाढून ५७.९७ झाला. याच काळात १०.२५ टक्के उताऱ्यासाठीची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३०५ रुपयांवरून ३४० झाली आणि २०२५-२६ साठी ३५५ जाहीर झाली. शेतकऱ्याला मिळालेली ही वाढ रास्तच आहे. खताचे आणि मजुरीचे दर पाहता ती पुरेशी आहे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु विक्रीचा दर थिजलेला आणि कच्च्या मालाचा दर वाढता असला, की मधली फट कारखान्याला स्वतःच्या आतूनच भरून काढावी लागते.

फर्मेंटरमधला तोटा

शंभर किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१.१ किलो अल्कोहोल मिळू शकते. त्यापुढे निसर्ग जाऊ देत नाही. या कमाल मर्यादेच्या किती टक्के आपण गाठतो, याला किण्वन कार्यक्षमता म्हणतात. आमच्या रोजच्या अहवालात हा आकडा नेहमी चांगलाच दिसे, कारण तो मोलॅसिसमधील साखरेच्या जुन्या सरासरीवर काढला जात होता. प्रत्येक टाकीचा वेगळा नमुना घेऊन हिशेब केला, तेव्हा काही टाक्या ८७ टक्क्यांवर अडकल्याचे आढळले. नीट चालवलेली डिस्टिलरी ९० च्या पुढे जाते. फरक किरकोळ वाटतो, पण ८७ वरून ९१ वर जाणे म्हणजे तेवढ्याच मोलॅसिसमधून ४.६ टक्के जास्त इथेनॉल. ६० हजार लिटरच्या प्रकल्पात हे दिवसाला सुमारे २,७५० लिटर होतात आणि बी हेवीच्या दराने त्यांची किंमत १ लाख ६७ हजार रुपये होते. यासाठी नवी टाकी लागत नाही आणि कोणाच्या परवानगीची वाटही पाहावी लागत नाही.

तोटा कोठे होत होता, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. फर्मेंटरमधला थेंबभर वॉश (आंबत असलेला द्रव) काचपट्टीवर घेऊन त्यात मिथिलिन ब्लू मिसळले की जिवंत यीस्टच्या पेशी रंगहीन राहतात आणि मेलेल्या निळ्या पडतात. प्रयोगशाळेतील केमिस्ट मुलीने मार्चमध्ये एका दुपारी मला खुर्चीवर बसवून भिंगातून पाहायला लावले. चौकटीचौकटीत निळे ठिपके होते आणि पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक काड्यांसारखे जिवाणू वळवळत होते. तिने पहाटेच्या पाळीचा नमुनाही शेजारी ठेवला होता; त्यात निळे ठिपके तुरळक होते. ती एवढेच म्हणाली, "सर, यीस्ट तेच आहे. फक्त दुपार झाली आहे." यीस्टला ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. आमच्या टाक्या पहाटे ३२ वर असत आणि दुपारी ३६ च्या पुढे जात, कारण कूलिंग टॉवरचे पाणीच कोमट झालेले असे. प्रकल्प उभारताना थंडाव्याची सोय हिवाळ्याच्या हिशेबाने घेतली होती आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नंतर बसवू म्हणून वगळला होता.

ब्राझीलमधले कारखाने किण्वन झाल्यावर सेंट्रिफ्यूजने यीस्ट वेगळे काढतात, सौम्य सल्फ्युरिक आम्लात ठेवून त्यातील जिवाणू मारतात आणि तेच यीस्ट पुन्हा वापरतात. असे हंगामभर दिवसातून एकदोनदा होते आणि एक किण्वन ६ ते १२ तासांत उरकते. आमच्याकडे सेंट्रिफ्यूज होता, पण आम्लाची पायरी घाईच्या वेळी गाळली जाई. यंत्र आले, पण यंत्रामागची शिस्त आली नाही. तंत्रज्ञान बदलल्याचा दावा करताना ही बाब तपासून पाहायला हवी.

ऊस फडातून गव्हाणीपर्यंत

साखर करणारा आणि इथेनॉल करणारा शिळ्या उसाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. ऊस तोडल्यावर त्यातील सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते. साखर विभागाच्या दृष्टीने तो सरळ तोटा असतो, कारण या साखरांचे दाणे होत नाहीत. यीस्टला मात्र त्या चालतात. त्यामुळे सिरपकडे जाणारा ऊस थोडा शिळा असला तरी बिघडत नाही, अशी समजूत आमच्या यार्डात रुजली होती. ती अर्धीच खरी आहे. फुटलेली साखर वाया जात नाही, पण डेक्स्ट्रानमध्ये गेलेली आणि जिवाणूंनी आम्ल करून टाकलेली साखर कायमची जाते. शिवाय तेच लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल पुढे यीस्टला गुदमरवते. जळीत उसाला तर हे अधिकच लागू पडते.

उसाच्या जातीबाबतही असाच पुनर्विचार करावा लागला. फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते आणि तेथून आलेल्या फुले २६५ ने वाळवा-कराड भागातल्या खारवट रानातही वजन दिले. ही जात उशिरा पक्व होते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ती तोडायला कारखाने नाखूश असत. को ८६०३२ आधी उचलली जाई. इथेनॉलच्या हिशेबात प्रश्न असा होतो की, एकरी एकूण किंवणारी साखर किती मिळाली. तसे पाहिल्यास वजन देणाऱ्या जातीची किंमत वाढते. आमच्या शेतकी खात्याला हे कागदावर दाखवूनही तोडणी कार्यक्रम बदलायला दोन हंगाम लागले. फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात गोड ज्वारीच्या रसापासून इथेनॉल करून पाहिले होते आणि ऊर्ध्वपातनासाठी सूर्याची उष्णता वापरली होती. उसापलीकडच्या पिकाचा आणि बॉयलरपलीकडच्या उष्णतेचा विचार आपल्या उंबऱ्यावर चाळीस वर्षांपूर्वी झाला होता. आपण साखर कारखानदारीतल्या लोकांनी त्याकडे द्यायला हवे होते तेवढे लक्ष दिले नाही, याची मला खंत वाटते.

सभासदांचा प्रश्न यापेक्षा सरळ होता. वार्षिक सभेत मागच्या रांगेतील एक वयस्कर सभासद उठून म्हणाले, "साहेब, रान तेच, ऊस तोच, मग उतारा कुठं गेला?" बी हेवीकडे वळवल्याने जी साखर पोत्यात दिसत नाही, ती एफआरपी ठरवताना उताऱ्यात मिळवली जाते आणि त्या घटीची तपासणी होते, हे त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, पण समाधान झालेले दिसले नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. जो आकडा शेतकरी पन्नास वर्षे बोटांवर मोजत आला, तो आता प्रमाणपत्रावरून समजून घ्यावा लागतो. पुढच्या वर्षीपासून अहवालात टनामागची साखर आणि टनामागचे इथेनॉल शेजारीशेजारी छापायला सुरुवात झाली, ती त्या एका प्रश्नामुळे.

संचालक मंडळापुढचे तीन प्रस्ताव

निर्बंध उठल्यावर मंडळापुढे तीन प्रस्ताव आले. पहिला, डिस्टिलरी ६० वरून ९० हजार लिटरवर नेण्याचा. दुसरा, चिलर बसवणे, यीस्टवरची आम्लप्रक्रिया सक्तीची करणे, दोन्ही पॅन पूर्ण दुरुस्त करणे आणि उसाच्या पावतीवर तोडणीची वेळ नोंदवणे. तिसरा प्रस्ताव मार्च २०२५ नंतर आला. सहकारी कारखान्यांना उसावरची डिस्टिलरी मका आणि खराब धान्यावरही चालवता यावी, यासाठी केंद्राने त्या महिन्यात व्याज सवलतीची सुधारित योजना काढली. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते आणि बंद हंगामातले महिने भरून निघतात. पण धान्य दळणे, पिठातील स्टार्च विकरांनी साखरेत उतरवणे आणि उरलेला चोथा वाळवून विकणे हा सगळा वेगळा कारखाना असतो, आणि मक्याच्या बाजारात आपण खरेदीदार म्हणून नवखे असतो.

मंडळाने दुसरा प्रस्ताव आधी घेतला. मक्याचा अभ्यास चालू ठेवला आणि विस्तार बाजूला ठेवला. काही संचालकांना विस्तार हवा होता, कारण शेजारचे कारखाने वाढत होते. त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेऊन, टाकीनिहाय कार्यक्षमतेचे कागद पुढे ठेवून हा निर्णय झाला. चिलर पुढच्या जानेवारीत सुरू झाला. त्या मार्चमध्ये दुपारच्या नमुन्यातले निळे ठिपके पहाटेच्या नमुन्याइतके कमी नव्हते, पण जवळपास आले होते.

पावतीवरची तोडणीची वेळ मात्र अजून मार्गी लागलेली नाही. पहिल्या महिन्यात एका गटातील सगळ्या पावत्यांवर एकाच शाईने "सकाळी ७" असे लिहून आले, कारण चिटबॉयने, म्हणजे गावोगावच्या ऊसपावत्या भरणाऱ्या कारखान्याच्या माणसाने, त्या संध्याकाळी काट्यावर बसून एकदमच भरल्या होत्या. त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. त्याच्याकडे पाच गावे आणि एक मोटारसायकल होती. टोळीला मजुरी टनावर मिळते आणि वाहतूकदाराला भाडे टन व अंतरावर मिळते, त्यामुळे ऊस ताजा पोहोचवण्यात दोघांचाही एक रुपयाचा फायदा नाही, आणि वाळलेल्या उसाचे घटलेले वजन शेवटी शेतकऱ्याच्या पदरी पडते. तोडणीपासून २४ तासांच्या आत काट्यावर आलेल्या खेपेला टनामागे जादा रक्कम द्यावी आणि ती टोळी व वाहतूकदार यांच्यात वाटावी, असा प्रस्ताव शेतकी समितीने तयार केला आहे. रक्कम किती असावी यावर वाहतूकदारांशी बोलणी चालू आहेत, आणि येत्या हंगामाची मोळी पडण्यापूर्वी तिचा आकडा ठरायचा आहे.